तीन टॉर्निकेट घरी डॉपलर लावून तपासली, त्यातलं साडेचारशेवालं कुणी घेऊ नका

मी संगमनेर तालुक्यात राहते, एका छोट्या हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. गेल्या दोन महिन्यांत मी स्वतःच्या पैशाने तीन टॉर्निकेट मागवली आणि घरच्यांच्या हातापायाला बांधून तपासली, दोन चांगली निघाली आणि एक असं निघालं की ते ऐनवेळी कुणाच्या हाती पडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितेय, जरा लांब होईल, पण वाचा.

आधी सांगते टॉर्निकेट म्हणजे काय, कारण आमच्या वस्तीवर सगळ्यांना वाटलं की रक्त तपासायला देताना दंडाला बांधतात ते रबर. ते नाही. ते शीर फुगावी म्हणून बांधतात, रक्त थांबावं म्हणून नाही. हे म्हणजे हातापायातून रक्ताची धार लागली की जखमेच्या वर आवळायचा रुंद पट्टा, त्याला एक दांडी असते, ती पिळली की पट्टा इतका आवळतो की धमनी दाबली जाऊन खालचं रक्त पूर्ण बंद होतं. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा आहे, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नानांचा (माझे चुलत सासरे) डावा हात कडबाकुट्टीत गेला. संध्याकाळची वेळ, मी ड्युटीवर, घरच्यांनी हाताला येईल ते केलं, म्हणजे माझीच जुनी ओढणी दंडाला दोन वेढे देऊन गच्च गाठ मारली आणि जीप काढली. पाऊण तासाने जीप आमच्या दारात आली तेव्हा मी तो हात बघितला, आजही डोळ्यासमोर आहे. ओढणीच्या खाली अख्खा हात निळाजांभळा, टरारून फुगलेला, मनगटावरच्या शिरा बोटाएवढ्या जाड, आणि बोटांतून रक्त नुसतं ठिबकत नव्हतं, भळाभळा चाललं होतं. जीपमधले सगळे म्हणत होते, एवढं गच्च बांधलंय तरी थांबत का नाही. मी जखमेवर गॉझचा गठ्ठा दाबला, दोन्ही हातांनी वजन टाकलं, दुसऱ्या सिस्टरला ओढणी कापायला लावली, आणि ओढणी सुटल्यावर रक्त कमी झालं. वाढलं नाही, कमी झालं! नाना वाचले, दोन बोटं गेली.

हे असं का झालं ते कळायला पाहिजे. शिरा वरवर असतात आणि त्यांच्यात दाब कमी, थोडं आवळलं की बंद होतात. धमनी खोल असते आणि तिच्यात दाब जास्त. अर्धवट आवळलं की धमनीतून रक्त खाली येत राहतं पण शिरांतून वर जायला वाट राहत नाही, मग ते सगळं जखमेतूनच बाहेर पडतं. म्हणजे अर्धवट बांधलेला पट्टा हा न बांधल्यापेक्षा वाईट. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच गच्च दिसतात, हीच खरी अडचण. ओटीत आम्ही हवेचं टॉर्निकेट लावतो तेव्हा मशीनवर दाबाचा आकडा दिसतो, साधारण हाताला २५० आणि मांडीला ३०० च्या आसपास ठेवतात, शेतात कुठला आकडा.

तर या दिवाळीनंतर मी ठरवलं की कडबाकुट्टीच्या शेडमध्ये एक, आणि ह्यांच्या ट्रॅक्टरमध्ये एक ठेवायचं. पहिलं घेतलं कॅट (कॉम्बॅट ॲप्लिकेशन टॉर्निकेट), जनरेशन ७. अमेरिकन सैन्याने २००५ पासून सगळ्या सैनिकांना द्यायला घेतलेलं तेच, पट्टा दीड इंच रुंद, प्लास्टिकची जाड दांडी, वेल्क्रोने चिकटतं. मला कुरिअर टॅक्स सगळं धरून साडेतीन हजारांच्या वर पडलं. दुसरं सॉफ्ट-टी वाइड, त्याची दांडी ॲल्युमिनियमची आणि वेल्क्रोऐवजी बकल, ते त्याहून थोडं महाग. तिसरं एका मोठ्या ऑनलाइन साइटवरून साडेचारशेला, दिसायला हुबेहूब कॅट, तेच लाल टोक, तीच करडी पट्टी, फोटो तर खऱ्याचेच टाकलेले. ते मुद्दाम घेतलं, कारण आमच्या ओळखीतल्या एका ट्रेकिंगवाल्या ग्रुपने हेच सहा घेऊन बॅगांत टाकलेत आणि मला विचारलं होतं की सिस्टर चालेल ना.

तपासायची पद्धत मी नवी काढलेली नाही. अमेरिकन सैन्याच्या संशोधन संस्थेने सॅन अँटोनिओला धडधाकट माणसांच्या हातापायाला वेगवेगळी टॉर्निकेट बांधून, खाली डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरून ऐकलं होतं की रक्ताचा आवाज बंद होतो का नाही, २००५ साली ते छापून आलं, त्यात सात प्रकारांपैकी फक्त तीनच सगळ्यांवर पूर्ण चालले आणि त्यात कॅट आणि सॉफ्ट-टीचं तेव्हाचं मॉडेल होतं. मी पण तेच केलं, लहान प्रमाणात. मधुमेहाच्या पेशंटचा पाय बघायला असतो तो पेनाएवढ्या प्रोबचा हँड डॉपलर, आमच्या सरांना विचारून रविवारचा घरी आणला, जेलची बाटली, एक पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, मोबाइलचा स्टॉपवॉच, शिवणाची टेप. माणसं तीन, मी, हे, आणि आमचे भाऊजी जे तालमीतले आहेत, त्यांची मांडी टेपवर ६१ सेंटिमीटर भरली, माझा दंड २७. नियम एकच, आवाज बंद झाला की एक मिनिट मोजायचं आणि सोडायचं. आत्याबाई पण पुढे आल्या होत्या, मला बांध म्हणून, पण त्यांना शुगर आहे, मी नाही म्हणाले. शुगर, बीपी, पायात रक्ताची गाठ होऊन गेलेली, गरोदर, अशा कुणावर हा प्रयोग करू नये, आणि ज्याला नाडी तपासता येते असा माणूस जवळ असल्याशिवाय तर कुणीच करू नये.

डॉपलरचा आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगते, मनगटावर जेल लावून प्रोब तिरका धरला की हुश्श, हुश्श, हुश्श असा येतो, पिठाच्या चाळणीसारखा, ठोक्यागणिक. पट्टा आवळत गेलं की तो आधी बारीक होतो, मग खोल कुठेतरी गेल्यासारखा होतो, आणि मग नुसती खरखर. ती खरखर म्हणजे थांबलं.

कॅट दंडाला, तिघांनाही, पहिल्याच फटक्यात थांबलं. इथली मुख्य गोष्ट दांडी नाहीच, तर दांडीला हात लावायच्या आधी पट्टा किती ओढून घेतला ती आहे. पट्टा इतका ओढायचा की खाली बोटांची टोकं शिरायला नकोत. तसं ओढलं तर माझ्या दंडाला दांडीचे तीन अर्धे पीळ पुरले. ह्यांनी पहिल्यांदा ढिला ठेवून नुसती दांडी फिरवत बसले, पाच पीळ झाले तरी हुश्श हुश्श चालूच, पट्टा एका बाजूला गोळा झाला, मग सोडून पुन्हा केलं तेव्हा तीनमध्ये बंद. एका हाताने स्वतःच्याच दंडाला बांधायला मला पहिल्यांदा ५२ सेकंद लागले, पाचव्यांदा २९. सरावाने किती फरक पडतो बघा.

मांडीला खरी परीक्षा. भाऊजींच्या मांडीला कॅट लावलं, ओढलं, पिळलं, चौथ्या पिळाला ते दात खाऊन बसले, घोट्याच्या आतल्या बाजूला मी प्रोब धरून होते, आवाज बारीक, बारीक, पाचव्या पिळाला बंद. दुखतं, खूप दुखतं, हे आधी माहीत पाहिजे कारण जखमी माणूस ओरडला की बांधणारा घाबरून हात आखडता घेतो. ओरडला तरी आवाज बंद होईपर्यंत पिळायचं. आणि एक गोष्ट मला स्वतःला तेव्हाच कळली, पूर्ण बंद झालेला आवाज साधारण ४० सेकंदांनी परत आला, अगदी बारीक, पण आला. भाऊजींनी आधी मांडी ताठ धरली होती ती सैल सोडली, स्नायू सैल पडला की पट्ट्याखालचा दाब उतरतो. अजून अर्धा पीळ दिला, परत बंद. म्हणजे बांधलं आणि झालं असं नाही, एकदोन मिनिटांनी परत बघायचंच. जखमी माणूस बेशुद्धीकडे गेला तर त्याचा स्नायू असाच सैल पडणार की.

सॉफ्ट-टी वाइडने मांडीला मला जास्त विश्वास वाटला, ॲल्युमिनियमची दांडी हातात भक्कम लागते, चौथ्या पिळाला बंद आणि मिनिटभर बंदच. त्याचं बकल पूर्ण सुटतं, म्हणजे हात मशीनमध्ये अडकलेला असताना सुद्धा पट्टा दंडाभोवती घालून परत अडकवता येतो, कॅटचं टोक पण बकलमधून काढून परत ओवता येतं पण घाईत, रक्ताने ओल्या बोटांनी ते ओवणं अवघड, मी बोटांना खोबरेल लावून करून बघितलं. सॉफ्ट-टीची वाईट बाजू म्हणजे एका हाताने स्वतःच्या दंडाला ओढून घ्यायला त्रास होतो, पट्टा वर सरकत जातो, मला चार वेळा करून पण ४० सेकंदांच्या खाली येता आलं नाही. कॅट एकट्या माणसासाठी बरं, सॉफ्ट-टी जिथे दुसरा माणूस आहे तिथे बरं, असं माझं मत झालंय.

आता साडेचारशेवालं. दंडाला चार वेळा लावलं, दोनदा आवाज थांबला, दोनदा वेल्क्रो सरकला, चर्रर्र करून. मांडीला लावलं तर तिसऱ्या पिळाला दांडी धनुष्यासारखी वाकली, म्हणजे मी पिळतेय पण पीळ पट्ट्यात जातच नाही, दांडीच सगळा जोर खातेय. आवाज बारीक झाला पण बंद होईना. आणि इथे ते दिसलं जे मला पुन्हा बघायचं नव्हतं, भाऊजींचा पाय मिनिटाभरात निळसर व्हायला लागला, पावलावरच्या शिरा वर आल्या. नानांच्या हातासारखाच. कॅट लावलेला पाय फिक्का पडला होता, पांढुरका, शिरा सपाट, हा निळा आणि फुगलेला. मी लगेच सोडलं. दुसऱ्या वेळी पाय सोडून घराच्या ओट्याच्या लाकडी खांबाला बांधून पिळलं तर दांडी मधोमध कट्‌कन तुटली, आत पांढरं भुसभुशीत प्लास्टिक. हे जर हायवेवर कुणाच्या मांडीवर तुटलं असतं तर.

अजून एक, हे मुद्दाम लिहिते कारण मला दोघांनी विचारलं की बोटाला ऑक्सिमीटर लावून तपासलं तर चालेल का. नाही चालत. साडेचारशेवाल्यात बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा गेला, नुसत्या रेघा आल्या, मनगटाला बोट लावून नाडी पण लागेना, आणि डॉपलरवर मात्र हुश्श चालू होतं, बारीक. म्हणजे बोटाला नाडी लागत नाही याचा अर्थ रक्त थांबलं असा शंभर टक्के नाही. खऱ्या जखमेत डॉपलर कुठून येणार, तिथे खूण एकच, जखमेतून येणारं रक्त थांबलं का, आणि नाडी गेली का, दोन्ही बघायचं. नाही थांबलं तर अजून पीळ, तरी नाही तर पहिल्याच्या वर लागून दुसरं टॉर्निकेट.

त्या साइटवर मी तुटलेल्या दांडीच्या फोटोसकट रिव्ह्यू टाकला, तीन दिवसांनी तो दिसेनासा झाला, पैसे परत मिळाले नाहीत कारण मुदत संपली होती. पैशाचं जाऊ द्या. ती वस्तू अजून तिथे विकायला आहे याचं मला वाईट वाटतं. खरं कसं ओळखायचं म्हणाल तर वरून बघून खात्री नाही देता येत, लाल टोक वगैरे सगळं नकली वाले पण छापतात, पाकिटावर बॅच नंबर आहे का बघा, दांडी दोन्ही हातांनी वाकवून बघा, खरी हलत नाही, आणि कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच बिल घेऊन घ्या. दीड हजारांच्या आत नवं खरं कॅट मिळतंय असं कुणी सांगितलं तर मी तरी घेणार नाही.

घरगुती उपायांची पण परीक्षा घेतली, कारण सगळ्यांकडे साडेतीन हजार नसतात हे मला कळतं. कमरेचा चामडी पट्टा पूर्ण फेल, कितीही ओढा, चामडं पिळलंच जात नाही, दंडाला सुद्धा आवाज चालू. नुसती ओढणी फेल, ते नानांच्या वेळीच कळलं होतं. ओढणीची चार बोटं रुंद घडी, अर्धी गाठ, त्यावर लाटणं ठेवून पुरी गाठ आणि मग लाटणं पिळलं, तर दंडाला थांबलं, मांडीला पण थांबलं पण दोन मिनिटं गेली आणि लाटणं धरून ठेवायला दुसरा माणूस लागला. पेन्सिल, पेन, बारीक काटकी असलं काही घेऊ नका, मोडतं. घडी रुंद का, तर रुंद पट्ट्याला कमी दाबात रक्त थांबवता येतं, बारीक दोरीला खूप जास्त दाब लागतो आणि ती मांसात रुतून नसा चिरडते. सुतळी, वायर, बुटाची नाडी कधीच नाही. आणि काहीच नसलं तर स्वच्छ कापड जखमेत कोंबून दोन्ही तळहातांनी वजन टाकून दाबा, सोडून सोडून बघत बसू नका, नानांना त्याच दाबण्याने वाचवलं.

लोक घाबरतात की टॉर्निकेट लावलं की हातपाय कापावा लागतो. मी पण शिकले तेव्हा हेच ऐकलं होतं, अगदी शेवटचा उपाय म्हणून. इराकच्या युद्धात बगदादच्या सैनिकी हॉस्पिटलात एका सर्जनने २३२ जखमींची नोंद ठेवली, ४२८ टॉर्निकेट लावलेली, २००९ ला छापलं, त्यात शॉकमध्ये (म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळण्याच्या अवस्थेत) जायच्या आधी ज्यांना लावलं त्यातले ९० टक्के जगले आणि शॉकमध्ये गेल्यावर लावलं त्यातले १० टक्के, आणि निव्वळ टॉर्निकेटमुळे कुणाचाही हात किंवा पाय कापावा लागला नाही. दोन तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं, लावल्याची वेळ पट्ट्यावर किंवा कपाळावर पेनाने लिहायची, आणि रस्त्यात दर पंधरा मिनिटांनी सैल करायचं असं जुन्या पुस्तकात असायचं ते अजिबात करायचं नाही, तेवढ्यात थेंब थेंब करून माणूस जातो. सोडायचं काम डॉक्टरांचं.

जखमेच्या दोन ते तीन इंच वर, कोपर किंवा गुडघ्यावर नाही, त्याच्या वर. कपड्यांखाली जखम कुठे ते कळत नसेल तर दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला. खिशात मोबाइल, किल्ली असेल तर आधी काढा. मानेला, पोटाला, काखेत हे चालत नाही, संक्रांतीला नायलॉन मांजाने गळा कापला तर तिथे फक्त दाबणं. आणि आमच्या भागात हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, साप चावला तर टॉर्निकेट बांधू नका! नाग असो, मण्यार असो, घोणस असो, फुरसं असो, बांधायचं नाही, हात हलू द्यायचा नाही, काठी बांधून स्थिर करायचा आणि सरळ हॉस्पिटल. मी हे पाकीट शेडमध्ये टांगलं तेव्हा गड्याने पहिला प्रश्न हाच विचारला, ताई हे सापाला का, म्हणून मी वर मार्करने लिहून ठेवलंय, सापाला नाही.

एकदा पिळून पिळून सराव केलेलं टॉर्निकेट खऱ्या वेळेसाठी ठेवू नका, दांडीवर आणि पट्ट्यावर ताण आलेला असतो. आमच्याकडचं तपासलेलं कॅट आता फक्त सरावाचं, त्याला निळा टेप गुंडाळलाय. शेडसाठी नवं घेतलं, प्लास्टिक काढून, पट्टा एका हाताने ओढता येईल असा मोठा फासा ठेवून, कडबाकुट्टीच्या स्विचच्या शेजारी खिळ्याला, उन्हात नाही. पाकिटासकट टांगून ठेवलं तर रक्ताच्या हाताने ते फाडत बसावं लागेल.

परवा नाना आले होते, म्हणाले मला बांधून बघू दे. डाव्या हाताला तीनच बोटं, तर त्यांनी उजव्या दंडाला डाव्या हाताने बांधायचं ठरवलं, म्हणाले पुढच्या वेळी उजवाच गेला तर. लाल टोक तीन बोटांत धरून ओढलं, दांडी तळहाताच्या टाचेने ढकलत ढकलत फिरवली. ४७ सेकंद. मनगटाला मी बोट लावलं तर नाडी गेलेली, पण त्यांना ते पटेना, म्हणाले तुझ्या त्या मशीनवर ऐकव. डॉपलर सोमवारीच परत दिला होता, पुढच्या रविवारी परत आणायचाय.